काट्याला न दिसलेला फरक

"जराशी मान वर ठेवलीस तर तुझं काय जाणार आहे रे, मेल्या?"

हे नर्सताई अगदी माझ्या कानाशी पुटपुटल्या. म्हणजे मला कान असते तर ते जिथे असते, तिथे. ताटात एक उघडंबंब बाळ हातपाय झाडत होतं, त्याची आई दोन पावलांवर श्वास रोखून उभी होती, आणि नर्सताई माझ्या दांडीवरचं सरकतं वजन नखाने अलगद पुढे ढकलून बघत होत्या. वजन केसभर पुढे गेलं की दांडी मान टाकायची. शेवटी त्यांनी सुस्कारा सोडला, वजन मागे घेतलं आणि जो आकडा होता तोच मोठ्याने सांगितला.

मित्रांनो, तो मेला म्हणजे मी. मी एक जुना वजनकाटा आहे, तान्ह्या मुलांचा. तुमच्यापैकी कुणीतरी लहानपणी माझ्यासारख्याच्या ताटात झोपलं असेल आणि बहुधा ते ओलंही केलं असेल. त्याचा राग नाही. आमच्या व्यवसायात ते धरायचं नसतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे इतका खणखणाट असे की माणसं "पाणी दे" हेसुद्धा भांडल्यासारखं म्हणत. माझ्या पोटात एक पोलादी धार आहे, तिच्यावर ही पितळी दांडी तोलते. धार तीक्ष्ण असेल तर मला बारीकसं वजनही कळतं. ती बोथट झाली की मी आळशी होतो, थोडंफार कमीजास्त झालेलं मला जाणवत नाही. माझी धार ज्यांनी घासली त्यांना सगळे चष्मेवाले काका म्हणत. काम झाल्यावर त्यांनी कागदाचा एक कपटा माझ्या ताटात टाकला. दांडी थरथरली. काका खूश झाले आणि म्हणाले, "जा बाबा. काट्याला नातेवाईक नसतात, एवढं लक्षात ठेव."

पण मी गेलो तो थेट नातेवाइकांच्या गर्दीतच. एका मोठ्या दवाखान्यात, बाळंतिणींच्या खोलीशेजारी मला ठेवलं. बाळ ताटात आलं रे आलं की आत्या आणि मावशी दोन्हीकडून वाकायच्या.

"वजन बघा! आमच्या घराण्याचा बांधा आहे हा," आत्या म्हणायची.

"असू दे. रडणंही तुमच्याच घराण्याचं दिसतंय," मावशी म्हणायची.

ते माझे सोन्यासारखे दिवस होते. माझ्या आकड्यावर आज्या हसायच्या, बाप डोळे पुसायचे, आणि डॉक्टर माझ्याकडे बघून औषधाचा डोस ठरवायचे. मग लाल आकडे दाखवणारा विजेचा काटा आला. तो दिसायला देखणा, बोलायला चटपटीत. मला जिन्याखाली नेलं. तिथे एक चाक निखळलेली चाकांची खुर्ची होती आणि रिकाम्या बरण्या होत्या. कुणीतरी माझ्या ताटात फरशी पुसायचं ओलं फडकं वाळत घालू लागलं. फडकं वाळलं की हलकं होतं, हे मला रोज कळायचं. पण विचारणारं कोणी नव्हतं.

तिथून मला मोठ्या बाईंनी बाहेर काढलं.

मोठ्या बाई म्हणजे मुलांच्या डॉक्टर, आणि संशोधकही. त्यांनी एक भुकटी बनवली होती. दूध, डाळी आणि काही क्षार. अशक्त मुलांच्या जेवणात रोज एक पुडी कालवली तर त्यांचं वजन वाढेल, अशी बाईंची आशा होती. आशा कसली, अर्धं आयुष्य होतं ते. पहिली भुकटी त्यांनी घरच्या स्वयंपाकघरात भाजली आणि नवऱ्याला खाऊ घातली. "तेवढ्या एका माणसाला गुण आलाच," नर्सताई म्हणायच्या, "बाईंच्या मिस्टरांचे सगळे शर्ट उसवायला लागले."

भुकटीचा खरंच गुण येतो का, ते तपासायला मलाच का निवडलं, तर दवाखान्याच्या त्या मागच्या खोलीत वीज यायची-जायची, आणि बॅटरीवरच्या दोन काट्यांचं दोन जावांसारखं एकमेकांशी कधी जमायचंच नाही. बाईंनी मला पुसलं, तेल दिलं, खिडकीशेजारच्या घट्ट टेबलावर बसवलं. नर्सताई रोज सकाळी माझ्या ताटात स्वच्छ कापड घालायच्या, मग शून्य जुळवायच्या. मी पुन्हा कामाला लागलो. म्हातारपणी कुणी हाक मारली की किती बरं वाटतं, ते तुम्हाला आत्ता नाही कळायचं.

त्या अभ्यासाची रीत अशी होती. काही मुलांना लाल पुड्या, काहींना पिवळ्या. एका रंगात खरी भुकटी, दुसऱ्यात तसंच दिसणारं साधं पीठ. कुणाला कुठला रंग, ते चिठ्ठ्या टाकून ठरलेलं. आणि कुठल्या रंगात काय आहे, ते त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं, बाईंनासुद्धा नाही. कारण माणसाला माहीत असलं की त्याचा हात आशेच्या बाजूला झुकतो. मोजणाऱ्याने आंधळं असावं म्हणजे मोजणं डोळस होतं. मला हा नियम फार आवडला. मी जन्मापासून तसाच आहे.

आया मात्र नियमाला पुरून उरल्या. आठवड्याभरात लालवाल्या आणि पिवळ्या असे दोन पक्ष पडले. लालवाल्यांची पुढारी होती एक शिवणकामवाली, जिच्या पदराला कायम एखादी सुई टोचलेली असायची. पिवळ्यांची पुढारी इस्त्रीवाली.

"आमच्या लालने किती फरक पडला बघ. गाल भरले की नाही?" शिवणवाली म्हणायची.

"तुझं लाल तुला लखलाभ. पिवळ्याने माझी पोर सगळी रात्र झोपते."

"झोपते कसली, सुस्तावलीय."

"आणि तुझा गाल फुगवून बसतो, त्याला भरणं म्हणतात होय?"

दोघींची मुलं वाढत होती, मित्रांनो. मुलं वाढतातच. थोडी खाऊन, थोडी आजारी पडून, जराशी मागे सरून पुन्हा पुढे. दोन्ही रंगांची मुलं माझ्या ताटात सारखीच जड होत होती. मी ते रोज सांगत होतो. पण एका वेळी एकाच बाळाचं सांगत होतो, त्यामुळे माझं सगळं बोलणं जोडून कुणी ऐकलं नव्हतं.

ते जोडायचं काम सरासरींचं. हे गृहस्थ आकडेशास्त्राचे जाणकार. दर वाक्याची सुरुवात 'सरासरी पाहता' अशी करत, म्हणून नर्सताईंनी त्यांना ते नाव ठेवलं होतं. एक दिवस शिवणवालीने त्यांना दारातच गाठलं.

"साहेब, फरक आहे ना?"

आपल्या भाषेत हा शब्द मोठा लबाड आहे. दुखणं उतरलं की आपण म्हणतो, फरक पडला. सरासरींच्या शास्त्रात मात्र फरक म्हणजे लाल आणि पिवळा यांच्यातलं अंतर. ते बिचारे त्यांच्या शास्त्रातून उत्तरले, "सरासरी पाहता, अजिबात नाही."

शिवणवालीचा हात झटकन बाळाच्या कपाळावर गेला. "म्हणजे? काय झालंय माझ्या बाळाला?"

"छे छे, बाळाला काही नाही झालं! बाळ मुद्दाच नाही!"

"माझं बाळ मुद्दा नाही?"

नर्सताईंनी धावत येऊन तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. मग सरासरींना भिंतीशी नेऊन त्यांची खरडपट्टी काढली. "आईला कधी फरक नाही असं सांगतात का हो? घरी कुणी आहे की नाही तुम्हाला?"

त्या दिवसापासून आमच्या खोलीत फरक या शब्दाला बंदी झाली. आणि एखादा शब्द खोलीतून हाकलला की त्याच्या मागचा विचारही दाराबाहेर थांबतो. आत येऊ का, असं विचारत.

अभ्यास संपला. रंगांचं गुपित फुटलं. भुकटी लालमध्ये होती, साधं पीठ पिवळ्यात. सरासरी आठवडाभर कागदांत डोकं खुपसून बसले, मग बाईंसमोर उभे राहून चष्मा पुसू लागले.

"आकडे अजून नीट बोलत नाहीत," ते म्हणाले.

"कल दिसतोय का?" बाईंनी विचारलं.

"कल... आहे म्हणा. म्हणजे असावा. फक्त तो आकड्यांत येत नाहीये."

मग नर्सताईंची नजर माझ्याकडे वळली. पाठोपाठ सरासरींची. मी समजलो.

"काटा जुना आहे," सरासरी म्हणाले. त्यांच्या आवाजात जीव आला. "धार बोथट झाली असेल. लालवाल्या मुलांची वजनं थोडी जास्त वाढली असतील, पण ह्याला कळलं नसेल!"

"मी तर कधीची म्हणतेय," नर्सताई म्हणाल्या, "मेला मान वरच करत नाही."

नाचता येईना तर अंगण वाकडं, आणि अंगणाला बोलता येत नाही ही केवढी सोय! सगळं खापर माझ्या माथी फुटलं. अहवालात एक वाक्य लिहायचं ठरलं: मोजण्याच्या साधनाच्या मर्यादेमुळे भुकटीचा परिणाम स्पष्ट दिसू शकला नाही. भुकटी मात्र आणखी कितीतरी गावांत वाटायची. आणि मी मोडीत जायचं. त्याचं मला फारसं वाटलं नाही, पितळाला दुसरा जन्म असतो. पण त्या गावांतल्या आया रोज ती पुडी कालवतील, आता बाळ सुधारेल म्हणून निश्चिंत राहतील, आणि बाळाचं खरं दुखणं काय आहे ते कुणी शोधणारच नाही. हे मात्र मला सलत राहिलं. मी काही सांगू शकत नव्हतो. जे सांगायचं ते मी सांगून चुकलो होतो.

नर्सताईंनी माझ्यावर चादर घातली. घालताना उगाचच दांडी पुसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या बाई एकट्याच खोलीत आल्या. चादर काढली. कपाटातून प्रमाण वजनांची लाकडी पेटी काढली. बाळाएवढं एक वजन त्यांनी ताटात ठेवलं आणि मला समतोल केलं. मग चिमट्याने एक अगदी लहानसं वजन उचलून त्याच्या शेजारी ठेवलं.

मी मान वर केली.

बाईंनी ते काढून त्याहून लहान ठेवलं. मी पुन्हा मान वर केली. चष्मेवाल्या काकांची धार होती ती.

बाई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी टेबलाच्या खणातून एक लाल पुडी काढली, त्यांच्या भुकटीची, आणि हलकेच ताटात ठेवली. दांडी टुणकन उठली. पुडीचं वजन मला कळत होतं, मित्रांनो. कळत नव्हता तो तिचा गुण, कारण जे नाही ते मला दाखवता येत नाही.

बाई आयांच्या स्टुलावर खाली बसल्या. तेवढ्यात नर्सताई चहा घेऊन आल्या. त्यांनी पेटी पाहिली, ताटातली पुडी पाहिली, वर उचललेली दांडी पाहिली.

"धार गेलीय ना हो त्याची?" त्यांनी विचारलं. ते विचारणं कमी आणि विनवणं जास्त होतं.

"धार उत्तम आहे."

नर्सताईंनी कप टेबलावर ठेवला. "मग... टेबल हलत असेल."

"ताई."

"खिडकीतून वारा येतो. मी कितीदा सांगितलं, ही खिडकी..."

"ताई, बसा जरा."

नर्सताईही बसल्या. चहावर साय धरली. मग नर्सताई म्हणाल्या, "गार झाला, दुसरा आणते," आणि गेल्या नाहीत.

मित्रांनो, माझं एक ऐका. आमच्यासारख्या वस्तूंची निगा राखा, धूळ पुसा, तेल द्या, ताटात ओलं फडकं टाकू नका. पण तेवढ्याने भागत नाही. आम्ही नकोसं काही दाखवलं तर आम्हाला आधी तपासा, जरूर तपासा, आमच्याही चुका होतात. पण तपासून आम्ही खरे निघालो, तर मग आमच्यावर चादर घालू नका. तापमापी असो, घड्याळ असो की तुमचा प्रगतिपुस्तकावर खरा शेरा मारणारा शिक्षक असो. मन राखायला घरात माणसं पुष्कळ असतात.

त्या आठवड्यात सगळ्या आयांना शेवटचं बोलावलं होतं. लालवाल्या एका बाकावर, पिवळ्या दुसऱ्या. मुलं मध्ये, एकमेकांची बिस्किटं पळवत. मी खिडकीशी, चादरीविना. सरासरींनी घसा साफ केला. "सरासरी पाहता, या अभ्यासातून अनेक उपयुक्त दिशा..."

"साहेब, दिशा राहू द्या," शिवणवाली म्हणाली. "कोण जिंकलं ते सांगा. पैज लागलीय."

"पैज नाही काही, हिचं आपलं उगाच," इस्त्रीवाली म्हणाली. "पण सांगाच."

सरासरींनी नर्सताईंकडे पाहिलं. नर्सताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कुणाकडे बघणार?

"अहवाल अजून पूर्ण व्हायचाय," नर्सताई म्हणाल्या, "मग कळवूच की सगळ्यांना..."

मोठ्या बाई उठल्या. दोन्ही बाकांच्या मधे, मुलांच्या घोळक्यात जाऊन उभ्या राहिल्या. कुणीतरी त्यांच्या साडीला बिस्किटाचा हात पुसला. त्यांनी खाली वाकून त्या पोराला कडेवर घेतलं. तो शिवणवालीचा होता, लाल पुडीवर वाढलेला. बाईंनी त्याला जरा वर-खाली केलं, हातानेच तोलल्यासारखं. मग त्या त्याच्या आईकडे वळल्या.

"लालमध्ये माझी भुकटी होती," त्या म्हणाल्या. "पिवळ्यात साधं पीठ. तुमची मुलं वाढली ती तुमच्या हातचं खाऊन. माझ्या भुकटीने काहीही फरक पडला नाही."