भुंगा न लागणारा बांबू

दिव्यानीने तपासणीचा कागद पुढे केला तेव्हाच लटारू काय ते समजला. बांबूची तिसरी गाडीही नापास झाली होती.

बांबूपासून साखर काढून तिचं इंधन करणारा कारखाना सावली गावाच्या रस्त्याला उभा राहिला, तेव्हा ग्रामसभेने नमुन्याचा माल निवडायचं काम लटारूवरच सोपवलं. चाळीस वर्षं रानात बांबू तोडलेला माणूस, दुसरा कोण असणार? तीनपैकी एक पिकअप जरी पास झाली, तर गावाला वर्षभर तोडणीचं काम मिळणार होतं; नाहीतर ते नदीपल्याडच्या गावाला. पहिली गाडी फसली तेव्हा लोक म्हणाले, होते एखाद्या वेळी. दुसरी फसल्यावर कोणी काही बोललंच नाही, आणि ते त्याला जास्त झोंबलं.

म्हणून या खेपेला त्याने जीव ओतला. चांगला जून बांबू, तोही ऐन अवसेला तोडलेला, एकेक वाजवून पाहिलेला.

"मॅडम, यात खोट काय हाये ते तरी सांगा."

प्रयोगशाळेतली ही पोरगी, दिव्यानी, मुलखातलीच होती. तिने खाली बघतच विचारलं, "भाऊ, तुमी अवसेले तोडता का?"

"मंग? पुनवेच्या बांबूले भुंगा लागते. सहा महिन्यांत भुसा."

"भुंगा गोडासाठीच येते ना भाऊ. आमाले तेच पाह्यजे. कवळा, पुनवेचा."

म्हणजे दर खेपेला तो माल अधिक पारखून आणत होता आणि दर खेपेला साखर आणखी कमी भरत होती. बापाने ज्या बांबूला हात लावू दिला नसता, तोच यांना हवा होता. राग मस्तकात गेला, पण काढायचा कोणावर?

"पह्यल्याच दिवशी काऊन नाई सांगितलं?"

"मले वाटलं, बांबूचं तुमाले कोण सांगन."

नापास माल बॉयलरला जातो, संध्याकाळपर्यंत जळून जाईल, द्या तिथेच मातीत टाकून, असं आवारातल्या माणसाने सांगितलं. पिकअपवाला घाई करत होता.

लटारूने भिंतीकडेला पडलेल्या विटा गोळा केल्या. वाळवी लागू नये म्हणून त्यांच्या दोन ओळी मांडल्या, आणि बुडखे एका बाजूला करून एकेक बांबू त्यांवर अलगद ठेवू लागला.