दाणा धरण्याआधीचं पाणी

पौषाचं ऊन मिठागरावर येतं ते हलक्या पावलांनी. आधी बांधांच्या कडा उजळतात, मग वाफ्यांतलं पाणी उजळतं, मग पाण्याखालचा तो चिखल, पायांनी तुडवून तुडवून काचेसारखा गुळगुळीत केलेला. चौकोनामागून चौकोन, आभाळामागून आभाळ. खाडीपासून गावाच्या पहिल्या घरापर्यंत निळ्याशुभ्र आरशांची रांग पसरते, आणि त्या रांगेवर एकही सुरकुती नसते.

पाण्यावर सुरकुती पडू नये यातच जोमाचा जन्म गेला होता. मिठाचा दाणा धरायच्या दिवसांत तो बांधावरून कुत्रं जाऊ देत नसे, पोरांना खडा टाकू देत नसे, वाऱ्यालासुद्धा जरा दमानं घे म्हणे. शांत पाणी, निश्चल पाणी, श्वास रोखून धरलेलं पाणी. आणि मग एखाद्या दुपारी त्या निवळशंख पाण्याच्या पोटात कुठेतरी एक पांढरा ठिपका उमले. जोमा बांधावरून हाक घाली, आणि त्याची बायको चांगुणा पिठाच्या हातांनी घरातून धावत येई.

"धरला?"

"धरला गो, धरला!"

पांढऱ्याची वाट बघता बघता दोघांचे केस पांढरे झाले.

आणि आता त्याच दोघांना पांढऱ्याचं भय वाटत होतं.

गेल्या वर्षी चांगुणाच्या उजव्या मांडीत, खोल मांसात, एक गाठ आली. आधी सुपारीएवढी, मग लिंबाएवढी. दुखत नव्हती म्हणून तिने ती लुगड्याखाली लपवली, आणि दुखत नव्हती म्हणूनच ती वाढत गेली. शहरातल्या इस्पितळात ती कापून काढली. तिच्याभोवतीचं ओंजळभर मांसही काढलं, वरून किरणांचा शेक दिला. कॅन्सर होता. गेला, असं डॉक्टर म्हणाले. पण म्हणताना त्यांनी एक दार उघडं ठेवलं. ही गाठ जिथून जाते तिथंच परत येऊ शकते. हाताला लागायच्या आधी ती एमआरआयच्या चित्रात दिसते. म्हणून दर तीन महिन्यांनी आत बघायचं. सगळं काळं-करडं असलं तर बरं. परत आली तर ती बहुतेक पांढरी चमकेल.

तेव्हापासून दोघांच्या आयुष्याला बांध पडले. एक तपासणी, मग तीन महिन्यांचा चौकोन, मग पुढची तपासणी. त्या चौकोनात हसता येई, भांडता येई, भाचीच्या हळदीला जाता येई. पण बांधापलीकडे पाय टाकता येत नसे. पावसाळ्यात घराची कौलं बदलायची का, असं कुणी विचारलं तर जोमा म्हणे, "बघू." मधल्या काळात चांगुणा अंघोळ करताना मांडीवरच्या लांब, तांबूस व्रणाकडे बघायचं टाळी, आणि जोमा तिच्याकडे बघायचं टाळी.

त्या पौषातल्या सकाळी ती दोघं इस्पितळाच्या तळघरात उभी होती. तिथं ऋतू नव्हता. तिथं फक्त गारठा होता, पांढऱ्या दिव्यांचा अचल, निस्तेज उजेड होता, आणि भिंतीपलीकडे ते प्रचंड वाटोळं यंत्र होतं, तोंड उघडून पडलेलं. त्याच्या जवळ धातू चालत नाही. चांगुणाने मंगळसूत्र काढलं, जोडवी काढली. बोटांवर जोडव्यांच्या जागी फिकट कडी उरली. जोमाने लहानपणापासून अंगावरून न उतरलेला चांदीचा करगोटा कमरेवरून सोडवला, आणि त्याला एकदम नागडं झाल्यासारखं वाटलं.

यंत्र चालवणाऱ्या वनिता मॅडम जाड्या, हसऱ्या होत्या. "काकू, मागच्या वेळेसारखं आत गेल्या गेल्या तो थांबवायचा रबरी गोळा दाबायचा नाही हं. चित्र अर्धवट राहतं."

"मागच्या खेपेला आत कोण होतं माझं? नुसतं ते यंत्राचं खोकं होतं. जिवंत पुरल्यासारखं वाटतं, बाय."

"म्हणून तर काकांना आत घेतेय. काका, डोक्याशी उभं राहायचं. बोलायचं नाही, हात लावायचा नाही. मांडी हलली की चित्र गेलं."

"यांना नका शिकवू," चांगुणा म्हणाली. "पाण्याला सुरकुती पडली तर माणूस फाडून खातात हे. मला बरे हलू देतील!"

वनिता मॅडम हसल्या. जोमाही हसला. चांगुणाचे ओठ हसले, पण हातातला रबरी गोळा तिने आत्ताच घट्ट धरला होता.

पाय आधी गेले. मग गुडघे, मग ती उणी झालेली मांडी, मग पोट, मग छाती. यंत्राने तिला सावकाश गिळलं आणि गळ्याशी थांबलं. बाहेर उरला तो एक चेहरा, यंत्राच्या ओठावर ठेवल्यासारखा. दोघांच्या कानांत बोळे. दार लागलं. आणि यंत्र वाजायला लागलं.

ठक ठक ठक ठक. मग करवतीसारखं. मग कुणी पत्र्यावर मुठी आपटाव्यात तसं. भिंती वाजत होत्या, दात वाजत होते. त्या कोलाहलात त्या दोन माणसांभोवती एक घनदाट, अभेद्य मौन उभं राहिलं. ती हलू शकत नव्हती. तो बोलू शकत नव्हता. ती यंत्रात अडकली होती, आणि तो तिच्या बाहेर अडकला होता.

जोमा तिच्या डोक्याशी उभा होता, म्हणून त्याला तिचा चेहरा उलटा दिसत होता. हनुवटी पलीकडे, कपाळ अलीकडे. एवढा संसार झाला, पण हा चेहरा त्याने कधी बघितला नव्हता. भुवईत एक पांढरा केस. कपाळावर, कुंकवाच्या वर, मुलीच्या कपाळावर असावी तशी मऊ लव. परकी बाई. आपली बाई.

मग तिच्या डोळ्यात पाणी आलं.

हुंदका नाही, ओठ हलला नाही. पाणी नुसतं भरत गेलं, उधाणाचं भरतं तसं, आणि काठाशी येऊन सांडलं. ते गालावर उतरलं नाही. निजलेल्या माणसाचं पाणी कानशिलाकडे वाहतं. ते केसांच्या मुळातून वाट काढत, थरथरत, कानाच्या वाटीत जाऊन थांबलं. त्यामागून दुसरं. कानाची वाटी भरत चालली. तिथं गुदगुल्या होत असणार, खाज येत असणार. आणि तिला मानही हलवता येत नव्हती. तिची बुबुळं वर फिरली आणि जोमाला शोधू लागली.

ज्या माणसाने वाऱ्याला दटावलं, त्या माणसाचा हात पुढे गेला.

त्याने ठरवलं नव्हतं. तो अंगठा मिठाने चिरलेला, खरबरीत, राकट. त्याने ते पाणी अलगद टिपलं. आणि अनपेक्षित स्पर्शाने चांगुणा डोक्यापासून पायापर्यंत दचकली.

यंत्र थांबलं. छतातून वनिता मॅडमचा आवाज आला. "हललं हो! काका, काय सांगितलं होतं मी?"

फळी बाहेर सरकली तशी चांगुणा उठून बसली. "पुरे. मला घरी न्या."

"काकू, पहिल्यापासून घ्यावं लागेल. यातलं काही वाचता येणार नाही."

"मी नाही जायची परत त्या नळीत."

"माझं चुकलं गो," जोमा म्हणाला.

"चुकलं तर तुम्ही निजा तिथं!" तिचा आवाज फुटला. "कशाला लावलात हात? कसंबसं धरलं होतं मी. दात दाबून धरलं होतं सगळं. तुमच्या हाताने सुटलं."

जोमा आपल्या अंगठ्याकडे बघत राहिला. अंगठा अजून ओला होता.

वनिता मॅडमनी घाई केली नाही. बाहेर पुढचा माणूस ताटकळत होता, तरी त्या काचेमागे उभ्या राहिल्या. गार हवा फिरत होती. चांगुणा फळीवर बसून होती, पाय लोंबकळत, पाठीला गाठ मारलेला इस्पितळाचा झगा, मोकळा गळा. ती त्या वाटोळ्या तोंडाकडे बघत होती. पळून जायचं म्हटलं तरी कुठे जायचं? घरी गेलं तरी ती मांडी बरोबर येणार. बांधावर गेलं तरी येणार. यंत्राला निदान एक तोंड होतं, बाहेर यायला.

"हात मागं बांधून उभे राहा," ती शेवटी जोमाला म्हणाली. "आणि डोळे मिटायचे नाहीत. मला एकटीला त्या छताकडं बघत ठेवायचं नाही. बघत राहायचं माझ्याकडं. कळलं?"

"कळलं."

"काय बी दिसलं तरी."

"काय बी दिसलं तरी."

पुन्हा पाय गेले, गुडघे गेले, मांडी गेली. पुन्हा ठक ठक ठक ठक. पुन्हा पाणी आलं, भरलं, सांडलं, कानाच्या वाटीत साठलं आणि वाटी ओलांडून उशीवर उतरलं. जोमा बघत होता. पाठीमागे त्याच्या एका हाताने दुसरा मनगटापाशी आवळून धरला होता. सबंध आयुष्य त्याने पाणी राखलं होतं. असं कधी राखलं नव्हतं.

दुपारी डॉ. रेग्यांनी दोघांना पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर मांडीचा आतला अंधार होता, करड्या-काळ्या लाटांचा, थरावर थर. डॉक्टर एकेक थर पुढे सारत होते. काळं. काळं. काळं. मग त्यांचं बोट थांबलं, आणि त्यांनी काही दाखवायच्या आधीच जोमाला ते दिसलं. ज्या डोळ्यांनी त्याने पाण्याच्या पोटातला पहिला दाणा जन्मभर टिपला, त्या डोळ्यांना ते दिसलं. व्रणाच्या खाली, मांसाच्या कडेला. बारीक. शुभ्र. शांत.

"साहेब, ते माझ्यामुळं झालं," तो घाईने म्हणाला. "मी हात लावला. ती हलली. त्याचा डाग पडलाय तो."

"ते चित्र टाकून दिलं, काका. हे नंतरचं. हे एकदम स्वच्छ आलंय."

"नाही साहेब. नीट बघा. माझाच हात लागलाय." त्याने तो अंगठा पुढे केला, पुराव्यासारखा. "मॅडमना विचारा. त्या ओरडल्या मला. माझीच चूक आहे, साहेब. चूक माझी आहे."

एवढ्या आशेने कुणी स्वतःवर आळ घेत नसेल.

चांगुणाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पुरे."

मग तिनेच डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी तिलाच उत्तर दिलं. सुईने बारीक तुकडा काढून तपासू, मग खात्रीने सांगता येईल. परत आली असली तरी लहान आहे, वेळेत दिसली आहे. बहुतेक पुन्हा कापावं लागेल. पाय राहील का, हे ती चाचरत विचारायला गेली आणि शब्द अर्ध्यात राहिले. डॉक्टरांना ते पुरे झाले. "प्रयत्न तोच असेल," ते म्हणाले. "आज शब्द देत नाही."

परतताना एसटीने त्यांना खाडीच्या तोंडाशी सोडलं. सांज उतरली होती. गावाकडे जाणारा बांध अरुंद होता, एका माणसापुरता. एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला वाफे, आणि मधोमध ती मातीची काळी रेघ. उधाणाची भरती चढत होती. चांगुणा पुढे चालली होती, उजवा पाय किंचित ओढत. जोमा मागे होता.

मध्येच ती थांबली. वळली नाही.

"मागं मागं काय चालता? पाठीत टोचतं ते बघणं. बाजूला या."

"बाजूला जागा कुठं आहे गो?"

ती तिथंच उभी राहिली. पश्चिमेकडचा शेवटचा तांबूस कवडसा पाण्यावरून सरकत दूर गेला.

जोमाने वहाणा काढून बांधावर ठेवल्या, धोतर खोचलं आणि खाडीच्या बाजूने खाली पाण्यात उतरला. पाणी बर्फगार होतं. चिखलाने पाय धरले. त्याने ते उपटून पुढे टाकले. तिच्या बरोबरीला आल्यावर त्याने हात वर केला. तिने वाकून तो धरला.

मग दोघं निघाली. ती वर, कोरड्या मातीवर, हळूहळू. तो खाली, काळ्या पाण्यात, तिच्या पावलाला पाऊल देत. भरती त्याच्या पोटरीला लागली, मग गुडघ्याला लागली. गावातले दिवे अजून लांब होते. पाणी चढत होतं, चढत होतं, आणि बांधाच्या कडेने दोन माणसं चालली होती, एक उंच, एक ठेंगणं, एका हाताने जोडलेली, अंधारात, सावकाश, घराकडे.