उतरलेल्या साखरेचा संशय

कारखान्याच्या दारावर बायकांच्या पिशव्या तपासायचं तिचं काम. सगळे तिला एक्स-रे म्हणायचे आणि तिला ते नाव आवडायचंही. पिशवी उघडण्याआधी ती माणसाचा चेहरा बघायची. काय लपवलंय ते बहुतेक वेळा तिथेच कळायचं.

तिचा नवरा सोफे-खुर्च्यांच्या गाद्या शिवायचा. त्याला मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली होती. गोळ्या वेळेवर, चालणं रोजचं, तरी तीन महिन्यांची सरासरी साखर दर तपासणीत वरच. कुठेतरी पाणी मुरतंय, असं तिला वाटायला लागलं. अलीकडे जेवण झालं की तो बाथरूमचं दार लावून घ्यायचा आणि आत नळ सोडून ठेवायचा. बाहेर आला की तोंडाला लवंगेचा वास. सफरचंद कापून दिलं तर भूक नाही म्हणायचा. बाहेर गोडधोड चापून आल्यावर भूक कशी असणार? तिने त्याचे खिसे बघितले, डब्याची पिशवी बघितली, दुकानात काथ्याच्या पोत्यांमागेही हात घालून पाहिलं. साधा चॉकलेटचा कागद मिळाला नाही. त्याने तिचा संशय उलट वाढलाच. ज्याच्याकडे काहीच सापडत नाही तो सगळ्यात मुरलेला, हा तिचा दारावरचा अनुभव.

एका सकाळी बाथरूमची कडी नीट लागली नव्हती. तिने दार ढकललं. बेसिन लाल झालं होतं आणि नवरा ब्रश हातात धरून चोरासारखा उभा होता.

"कधीपासून?" तिने विचारलं.

वर्ष होऊन गेलं होतं. आधी ब्रश लावला की रक्त यायचं, मग तोंडाला वास यायला लागला, चावताना दात हलायला लागले. त्याचा थोरला भाऊ तोंडाच्या कॅन्सरने गेला होता. दाखवायला गेलो आणि तेच निघालं तर, या भीतीने तो कोणालाच ताकास तूर लागू देत नव्हता.

तिने त्याला त्याच दिवशी साखरेच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, कॅन्सर दिसत नाही, पण हिरड्या फार बिघडल्यात, दातांच्या डॉक्टरांना दाखवा. त्याने साखरेलाही फायदा होईल, असंही ते वर म्हणाले. झालं, तिला नवीन संशय मिळाला. परतताना ती नवऱ्याला म्हणाली, जखम मांडीला आणि मलम शेंडीला. या दोन डॉक्टरांचं साटंलोटं असणार. नवऱ्यालाही ते पटलं, पण रक्त काही थांबेना, म्हणून शेवटी दोघं गेलेच.

दातांच्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी सगळं तोंड तपासून कॅन्सरची भीती आधी घालवली. कापाकापी नको, म्हणाल्या. जागा बधिर करून हिरडीखाली दाताला चिकटलेलं कीटण खरवडून काढायचं, एका वेळी एक बाजू. बायको खुर्ची ओढून अगदी जवळ बसली. कापणार नाही तर बरं कसं होणार, हा तिचा पहिला प्रश्न.

"काटा रुतला की भोवती पू होतो," बाई म्हणाल्या. "काटा काढला की जखम आपोआप भरते. इथे काटा म्हणजे हे कीटण." आणि त्यांनी कापसावरचे काळे कण तिच्यापुढे धरले.

हळूहळू सूज उतरली, रक्त थांबलं. दातांच्या फटींतून बारीक ब्रश फिरवायची त्याला सवय लागली. पुढच्या तपासणीत साखर उतरलेली निघाली. फार नाही, पण उतरली होती, आणि डॉक्टरांनी एकही गोळी बदलली नव्हती. नवरा खूश होऊन दुकानात शिवायला बसला. ती समोर उभी राहिली.

"म्हणजे आधी खात होतात. आता पकडले जाल म्हणून सोडलंत."

त्याने सुई खाली ठेवली. "खिसे बघितलेस, डबा बघितलास. तोंडात तेवढं बघायचं राहिलं तुझं."

एवढंच बोलून तो पुन्हा शिवायला लागला. तिला ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच साखरेच्या डॉक्टरांकडे गेली आणि नवरा खोटं बोलतोय का, असं सरळ विचारलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. सगळ्या हिरड्या सुजल्या की तोंडात मोठी उघडी जखमच असते. तिथले जंतू आणि सुजेचा परिणाम रक्तातून अंगभर फिरतो, मग इन्सुलिन नीट काम करत नाही. सूज गेली की साखर थोडी उतरू शकते. सगळ्यांची उतरतेच असं नाही, आणि गोळ्या काही सुटत नाहीत.

"चोरून खातात, असं मलाही वाटायचं," ते म्हणाले. "दर वेळी काय खाल्लं ते विचारलं. तोंड उघडा, असं एकदाही म्हटलं नाही."

ती तशीच दुकानात गेली. तो एका खुर्चीवर कापड ताणत होता. तिने कापडाचं दुसरं टोक धरलं आणि म्हणाली, "मी चुकले."

"मीही लपवलंच की," तो म्हणाला. "तुला दुसरं काय वाटणार? जरा ओढून धर."

एक दाढ मात्र वाचली नाही. ती काढायची ठरली तेव्हा त्याने तिला कारखान्यात फोन केला. मला भीती वाटतेय, तू बरोबर चल, एवढंच म्हणाला. असं तो आजवर कधी बोलला नव्हता. तिने कशाला, काय, असं काही न विचारता अर्ध्या दिवसाची रजा टाकली.