मनगटातला दोष

मागडी गावाच्या पुढे एक बंद पडलेली दगडखाण आहे. तिथल्या नाल्यात हर्षिता आपल्या पिकअपचं फाटलेलं पुढचं चाक काढत होती आणि मनातल्या मनात स्वतःलाच शिव्या घालत होती. शर्यतीच्या सरावाला आलेल्या बाकीच्या गाड्या नाल्यातलं अवघड वळण घेऊन केव्हाच वर गेल्या होत्या. तिला मात्र आजही ते एका दमात जमलं नव्हतं. मागे-पुढे करताना दगडावर गाडी उसळली, स्टिअरिंगने हातातून हिसका मारला आणि चाक थेट कड्याकडे वळलं. ब्रेक लागला म्हणून वाचली. मधे आलेल्या दगडाने टायर तेवढा चिरला.

ही गाडी बांधून देणाऱ्या तिच्या थोरल्या भावाचं, रणवीर अण्णाचं, म्हणणं वर्षभर एकच होतं. "गाडीत काही नाही गं. तुझ्या मनगटात स्वल्प जोर कमी पडतोय."

चाक निघाल्यावर तिने खिडकीतून हात घालून स्टिअरिंग वळवून पाहिलं. ते पुरतं वळायच्या आधीच खट्ट आवाज होऊन अडकलं. ती खाली वाकली. चाक जास्त वळून टायर स्प्रिंगला घासू नये म्हणून प्रत्येक गाडीत एक अडवणारा बोल्ट असतो. पण इथे टायर असता तरी त्याच्यात आणि स्प्रिंगमध्ये चांगली वीतभर जागा उरली असती. तिने बोल्टावरचा चिखल बोटाने खरवडला. डोक्याखाली चकत्या एकावर एक चढवून बोल्ट मुद्दाम लांब केलेला होता. दुसऱ्या बाजूलाही तेच. आणि दोन्ही बोल्टांवर पिवळ्या रंगाचा ठिपका. स्वतःच्या हाताने आवळलेल्या प्रत्येक बोल्टावर अण्णा तसा ठिपका लावायचा.

तिची कानशिलं तापली.

हर्षिता बसवनगुडीतल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. लोकांच्या मनगटांत किती जोर आहे हे यंत्रावर मोजणं हे तिचं रोजचं काम. स्वतःचं मनगट तिने कितीदा तरी मोजून पाहिलं होतं. त्यात काही खोट नव्हती. तरी अण्णा म्हणतो म्हणून तिने यंत्रावर अविश्वास दाखवला होता. रोज सकाळी वजनं उचलली होती, मनगटांना पट्ट्या बांधल्या होत्या. अण्णा ते सगळं बघत होता. "चांगलं चाललंय, चालू ठेव," म्हणत होता.

दुपारी गाडी ट्रेलरवर लादून ती पीण्या औद्योगिक वसाहतीत पोचली. रणवीरचं वर्कशॉप एका लेथच्या कारखान्याला लागून होतं. तो शटरबाहेर उभा राहून चहा पीत होता.

"लवकर आलीस?" त्याने विचारलं.

बोल्टांखालून काढून आणलेल्या चकत्या तिने त्याच्या पायाशी फेकल्या. त्या खणखणत फरशीवर घरंगळल्या. रणवीरने त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्याला काही विचारायची गरजच उरली नाही. त्याने चहाचा ग्लास हळूच खिडकीत ठेवला.

"हर्षी, ऐक तरी..."

"ऐकतच आले ना वर्षभर! माझं मनगट कच्चं, माझा अंदाज कच्चा. त्या खाणीत लोक हसायचे, तेव्हा तू माझ्या पाठीवर हात ठेवून उभा असायचास. लाज नाही वाटली?"

"तू त्या नाल्यात जाऊ नयेस असं वाटत होतं. जमत नाही म्हणून आपोआप सोडशील असं वाटलं." त्याचा आवाज खाली गेला. "पिराजीची गाडी मीच बांधली होती."

पिराजी त्यांचा आतेभाऊ. त्याच नाल्यात त्याची गाडी उलटली होती. आता तो बनशंकरीतल्या घरी पलंगावर असतो आणि हर्षिताच त्याच्या पायांचा व्यायाम घ्यायला जाते. त्याचं नाव निघालं की घरात कुणी पुढे बोलत नसे. रणवीरलाही वाटलं असावं, की आता ती गप्प होईल.

"त्याला मधे आणू नकोस," ती म्हणाली. "आणि हिसक्याचं काय? गाडी उसळली की स्टिअरिंग आपणहून फिरतं, ते कशाने?"

तो फरशीवरच्या चकत्या गोळा करायला वाकला.

"अण्णा, कशाने?"

"गाडी उंच केली तेव्हा स्प्रिंग बदलले," तो सावकाश म्हणाला. "त्यामुळे स्टिअरिंगचा दांडा तिरका झाला. चाक वर-खाली झालं की तो चाकाला ओढतो. दांडा चाकाच्या जोडावर वरून बसवला की सरळ होतो. त्याला वेगळा आर्म लागतो."

"मग केला का नाहीस?"

रणवीरने मागच्या फळीकडे नुसतं पाहिलं. हर्षिता तिकडे गेली. तेलकट फडक्यात गुंडाळलेला एक जाड पोलादी आर्म तिथे ठेवला होता. भोकं पाडून, घासून, पूर्ण तयार.

"केव्हाचा आहे हा?"

"गाडी उंच केली तेव्हाचा."

आतापर्यंत ती ओरडत होती. आता तिचा आवाज इतका उतरला की रणवीरला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"आज त्या हिसक्याने मी कड्यावर गेले होते. चाक काठाला होतं. तू मला वाचवत नव्हतास, अण्णा. तू मला ढकलत होतास."

रणवीर मटकन स्टुलावर बसला. "काठाला?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"भीती वाटत होती तर तोंडावर सांगायचंस. भांडले असते, रडले असते, कदाचित थांबलेही असते. पण तू माझ्याच हातांवरचा माझा विश्वास काढून घेतलास."

तिने तो आर्म आणि पाना उचलला आणि गाडीखाली शिरली. तो उठून मदतीला आला, तशी ती आतून ओरडली, "हात लावायचा नाही!" मग तो बाजूला उभा राहून सांगत राहिला, कुठला नट आधी, पिन कुठून घालायची. ती उत्तर देत नव्हती, पण ऐकत होती. कारण या कामात त्याच्या तोडीचा माणूस तिला माहीत नव्हता, आणि त्याचाच तिला जास्त संताप येत होता. संध्याकाळपर्यंत दांडा सरळ बसला. पिवळ्या रंगाची बाटली त्याने पुढे केली. तिने ती घेतली नाही.

गाडी तिने त्याच्याकडे ठेवली नाही. अश्लेषा या मैत्रिणीची केंगेरीला शेड होती, तिथे हलवली. शर्यतीच्या दिवशी रणवीर न बोलावता खाणीत आला आणि नाल्याच्या काठावर उभा राहिला. हर्षिता वळणात शिरली. दगडावर गाडी उसळली, पण स्टिअरिंग हातात शांत राहिलं. चाकं पुरती वळली आणि गाडी एका दमात वर आली. नंबर काही लागला नाही. पुढच्या चढावर तिचा वेळ गेला. पण मनगटांच्या पट्ट्या तिने तिथेच सोडून गाडीत टाकल्या.

रणवीर जवळ आला. "मला फार भीती वाटली," तो म्हणाला.

"हे आज सांगतोयस."

"पुढच्या रविवारी येऊ?"

ती बॉनेट पुसत राहिली. राग गेला नव्हता, इतक्यात जाणारही नव्हता.

"ये," ती म्हणाली. "पण गाडीत कुठे काय केलंस ते आधी मला सांगायचं. एकूण एक बोल्ट."

"सरी, ठरलं," रणवीर म्हणाला आणि ट्रेलरची साखळी सोडायला वळला.