मशीनसाठी बांधलेल्या जुड्या

चुळुक! मागच्या अंगणात बादलीतलं पाणी वाजलं आणि माझ्या मांडीवर नुकतंच डोळे मिटलेलं बाळ टक्क जागं झालं.

त्याला कडेवर घेऊन बाहेर आले, तर सासूबाई पाटावर बसून कामाला लागलेल्या. भाताच्या लावणीचं मशीन आज पहिल्यांदाच आमच्या शेतात येणार होतं. त्याच्यासाठी ट्रेमध्ये रोपं वाढवली होती, मुळांत मुळं गुंतून गादी झालेली. सासूबाईंनी चार-पाच गाद्या उसवल्या होत्या. रोपं सुटी करून, मुळं धुऊन जुड्या बांधल्या होत्या. दरवर्षी लावणीच्या सकाळी बांधतात तश्शाच.

"अहो आत्या, हे काय केलंत?"

"काय केलं? परका माणूस येतोय, त्याच्या हातात चिखलाची रोपं द्यायची?"

तेवढ्यात मशीनवाला आला. त्यानं जुडी पाहिली नि कपाळाला हात लावला. "आजी, मशीनला गादीच लागते. सुटी रोपं धरता येत नाहीत त्याला."

"का? बोटं नाहीत?"

"आहेत की, पण लाडावलेली आहेत!"

नवरा खो खो हसला. मला हसू येईना. गेल्या लावणीला मी पोटुशी असून चिखलात वाकले होते. या मशीनची मी आस लावून वाट पाहिली होती. पण सासूबाईंनी पहिलं रोप खोचल्याशिवाय आजवर एकही बाई वाकली नव्हती. यंदा त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही.

उरलेले ट्रे घेऊन मशीन शेतात निघालं. आखल्यासारख्या ओळी पडत गेल्या. बांधावरच्या बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. चहा होईस्तोवर मोठं शेत उरकलं.

"वळताना कोपरे तुडवलेत की मेल्यानं," म्हणत सासूबाईंनी पदर खोचला, जुड्या घेतल्या आणि आत उतरल्या. "येताय का गं, की पाहुण्या आलात?"

बायका हसत उतरल्या.

"आजी, पुढच्या वर्षीही कोपरे तुमचेच हां!" मशीनवाला ओरडला.

"मला कोपऱ्यात बसवतोस होय रे?"

सगळ्या हसल्या, सासूबाईही हसल्या. पण रोप खोचलेला हात पाण्यातून लवकर वर आला नाही.

मी बांधावर बाळाला थोपटत उभी. लावणीच्या दिवशी कंबर दुखत नव्हती, हे मला आत्ता कुठं जाणवलं. तेवढ्यात थोरल्या लेकीनं पदर ओढला.

"आई, तू कुणाच्या बाजूची गं? मशीनच्या का आजीच्या?"