अम्लराजात धुतलेली कांडी

माझ्या नेमणुकीच्या पत्रावर 'कनिष्ठ संशोधन सहायक' असं लिहिलेलं आहे. आई ते पत्र येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवते. प्रत्यक्षात मी विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात काचेची भांडी धुतो, वजनं करतो, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवतो आणि उरलेल्या वेळात संशोधनाला साहाय्य करतो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय! पण धुण्यात कमीपणा आहे असं मला कुणी सांगायला येऊ नये. आमची लाँड्री आहे. आजोबांपासून आम्ही लोकांचे डाग काढूनच जेवतो. आमच्या प्रयोगशाळेत मला सगळे 'इस्त्री' म्हणतात, कारण तिथे खरोखर पांढरा असा एकच कोट आहे आणि तो माझा आहे.

प्रयोगशाळेतली सगळ्यात ज्येष्ठ विद्यार्थिनी म्हणजे ताई. तिचं पाचवं वर्ष चालू होतं. पहिल्या दिवशी मी पिपेट उलटं धरलं तेव्हा बाकीचे हसले आणि तिने ते माझ्या हातात सरळ करून दिलं. तेव्हापासून मी तिचा माणूस. डब्यातली शेवटची बिस्किटं ती माझ्यासाठी ठेवायची, आणि माझ्या चुका सरांपर्यंत पोचायच्या आत निस्तरून टाकायची.

ताईचा प्रयोग आमच्या मजल्यावर प्रसिद्ध होता. दोन रेणू एकमेकांना जोडायचे, एवढंच काम. पण हे रेणू असे आडमुठे, की मध्यस्थ असल्याशिवाय जवळ येत नाहीत. मध्यस्थ म्हणजे पॅलेडियम नावाचा महागडा धातू. ताईच्या फ्लास्कमध्ये मात्र ते कुठलाही धातू न घालता जोडले जायचे. दोन वर्षं तिने हे पुन्हापुन्हा करून दाखवलं होतं. गंमत अशी, की दुसऱ्या कुणी केलं की फसायचं. मग सगळे म्हणायचे, ताईच्या हाताला गुण आहे. ती 'काहीतरीच' म्हणायची, पण तिला ते आवडायचं. त्यावरच तिचा शोधनिबंध तयार झाला होता. तो शुक्रवारी छापायला जायचा होता आणि तो गेला की तिची डिग्री मार्गी लागणार होती.

आता आमच्या सरांचा एक नियम आहे. कुठलाही निबंध बाहेर जाण्याआधी त्यातला मुख्य प्रयोग प्रयोगशाळेतल्या सगळ्यात कच्च्या माणसाने करून दाखवायचा. भांडी, रसायनं, नोंदवही सगळं ज्याचं त्याचं, हात मात्र दुसऱ्याचे. मूळ मालकाने हाताची घडी घालून बाजूला उभं राहायचं. सगळ्यात कच्चा कोण, यावर चर्चा करावी लागली नाही.

सोमवारी सकाळी ताईने मला तिचा फ्लास्क दिला, आणि फ्लास्कमधलं द्रावण ढवळणारी चुंबकाची कांडी दिली. कॅप्सूलएवढी असते ही कांडी. खालच्या यंत्रातलं चुंबक फिरलं की ही आत गरगर फिरते. नवी असते तेव्हा दुधासारखी पांढरी. ताईची कांडी मात्र काळी-करडी पडलेली होती, कढईच्या बुडासारखी. ती आपल्या खणात जपून ठेवायची ती, 'हीच नीट फिरते' म्हणून. मला ते बघवेना. एवढा मोठा प्रयोग आणि त्यात ही असली कांडी? ताई परत यायला तासभर होता. साबणाने घासली, काही नाही. मग मी चष्मा-हातमोजे चढवून, धूर ओढून घेणाऱ्या कपाटात थोडंसं अम्लराज बनवलं. सोनंही विरघळवणारं हे आम्ल, त्याच्यापुढे डाग कुठला टिकतो! पाच मिनिटांत द्रावण गढूळ झालं आणि कांडी पांढरीशुभ्र. मी ती पाण्याने खळखळून धुतली, वाळवली, आणि स्वतःवर खूश झालो.

प्रयोग फसला. दोन तास तापवून, ढवळून, तपासणीच्या पट्टीवर थेंब लावला तर तेच जुने दोन ठिपके. नवा ठिपका नाही, म्हणजे रेणू जोडलेच नव्हते. ताई म्हणाली, होतं असं पहिल्यांदा. कांडी उजळलेली तिने पाहिली, पण इस्त्रीने घासली असणार म्हणून सोडून दिली. मंगळवारी पुन्हा फसला. मग तिने हाताची घडी सोडली आणि स्वतः केला. तोही फसला.

बुधवारी तिने रसायनांच्या बाटल्या बदलल्या, तापमापी बदलला, खिडकी बंद करून पाहिली. साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं नुसतं. सर दारात येऊन बघून गेले, काही बोलले नाहीत. न बोललेले सर जास्त लागतात.

संध्याकाळी दुकानात शर्टांच्या घड्या घालता घालता मी बाबांना हे सगळं सांगितलं. सहानुभूती मिळावी हा हेतू. कांडी कशी चकाचक केली तेही जरा फुगवून सांगितलं. बाबांनी इस्त्री उभी ठेवली आणि डाग कशाचा होता, असं विचारलं. मी म्हटलं, काय माहीत, काळा होता, गेला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कुणाचा रेशमी शेला उकळत्या पाण्यात टाकलाय. आमच्या दुकानात गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न तोच असतो. कशाचा आहे ते कळल्याशिवाय डागाला हात लावायचा नाही, हे मला पाढ्यांच्या आधी शिकवलेलं. आणि विद्यापीठात शिकून मी तेच विसरलो होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गुरुवारी सकाळी मी स्टोअरच्या काकांना गाठलं. प्रयोगशाळेतली प्रत्येक वस्तू कुठून आली हे त्यांना पाठ असतं. ताईची कांडी? ती त्या पॅलेडियमवाल्याची, ते म्हणाले, ताईच्या आधी इथे पॅलेडियमवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याची. तो शिकून गेल्यावर त्याचं सामान त्यांनी वाटून टाकलं होतं. त्याच्या आणखी तीन-चार काळ्या कांड्या अजून डब्यात पडल्या होत्या, कुणी घेत नव्हतं म्हणून. मी त्यातली एक मागून आणली.

घोडं कुठे पेंड खातंय ते मला कळून चुकलं होतं, पण नुसतं कळून चालत नाही. दोन फ्लास्क मांडले. एकात पांढरी कांडी, एकात काळी. बाकी सगळं अगदी सारखं. दोन तासांनी पट्टी पाहिली. पांढरीच्या फ्लास्कमध्ये काही नाही. काळीच्या फ्लास्कमध्ये ठसठशीत नवा ठिपका.

म्हणजे धातू होता. त्या काळ्या डागातच होता, दोन वर्षं फ्लास्कमध्ये गरगर फिरत होता. आणि निबंधाच्या शीर्षकातला पहिलाच शब्द होता 'धातूविना'.

तेवढ्यात ताई आली. तिने पट्टी माझ्या हातातून घेतली, उजेडात धरली आणि खाली बसलीच. तीन दिवसांनी पहिल्यांदा हसली ती. "जमलं की रे तुला," म्हणाली. "थांब, सरांना बोलावते."

झाकली मूठ सव्वा लाखाची. मी गप्प बसलो असतो तर सर आले असते, ठिपका बघितला असता, निबंध शुक्रवारी गेला असता. सगळे खूश. पेढे नाही तर बिस्किटं तरी नक्की. मला गप्प बसायचं होतं, खोटं कशाला बोलू.

"ताई, नको बोलावूस," मी म्हटलं. "या फ्लास्कमधली कांडी त्या पॅलेडियमवाल्याची आहे. तुझी पण त्याचीच होती. सोमवारी मी ती अम्लराजात धुतली, तेव्हापासून फसतंय."

तिने पट्टी टेबलावर ठेवली. मग तिने दुसरा फ्लास्क बघितला, आतली पांढरी कांडी बघितली. तिला सगळं समजायला माझ्याइतके चार दिवस लागले नाहीत.

"कुणाला बोललायस?"

"कुणालाच नाही."

"म्हणजे आपल्या दोघांनाच माहीत आहे," ती म्हणाली. तिने दाराकडे पाहिलं. ती आता मला काय सांगेल याची मला भीती वाटली, आणि तिने सांगितलं तर मी हो म्हणेन याची त्याहून जास्त.

पण ती म्हणाली, "अम्लराज कर. थोडंच कर."

तिने काळी कांडी स्वतः धुतली, पांढरी होईपर्यंत समोर उभी राहिली. मग नवा फ्लास्क घेऊन प्रयोग सुरुवातीपासून केला, आणि दोन तास तिथून हलली नाही. मी हाताची घडी घालून बाजूला उभा. पट्टीवर तेच जुने दोन ठिपके आले.

"दोन वर्षं मला वाटत होतं, मी हुशार आहे," ती म्हणाली.

मी म्हटलं, तू आहेसच. ती म्हणाली, गप्प बस.

मग तिने निबंधाची प्रत घेतली, शीर्षकातला पहिला शब्द पेनाने खोडला आणि सरांच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं. तिने एका दमात सगळं सांगितलं, कुठे सारवासारव केली नाही. सरांनी विचारलं, हे शोधलं कुणी? "इस्त्रीने," ती म्हणाली. "मला दोन वर्षांत एकदाही शंका आली नाही." सर बराच वेळ बोलत होते. इतका कणभर धातू इतकं काम करतो, हेच आता नीट मोजून दाखवू, असं काहीतरी. डिग्री मात्र निदान वर्षभर पुढे जाणार, हेही त्यांनी सांगितलं.

ती बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"तू बरोबर केलंस," ती म्हणाली. "आणि मला तुझा भयंकर राग आलाय. दोन दिवस माझ्याशी बोलू नकोस."

मी मान हलवली.

ती सिंकपाशी गेली, बाह्या वर केल्या आणि चार दिवसांचे सगळे फ्लास्क काढून धुवायला लागली. ते माझं काम होतं, पण सांगणार कसं, बोलायचं नव्हतं. पाण्याच्या आवाजात ती रडत होती. मी फडकं घेतलं आणि शेजारी जाऊन उभा राहिलो. तिने धुतलेला पहिला फ्लास्क मला न बघताच पुढे केला, तो मी घेतला आणि पुसायला लागलो.