डोंगराच्या गोष्टीला हुंकार

छायाताईंनी सदुसष्टाव्या वर्षी एम. ए.ला नाव घातलं तेव्हा घरात कोणी हसलं नाही, एवढंच. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातल्या कचेरीत एकतीस वर्षं इंग्रजी परिपत्रकांचं मराठी करण्यात गेली होती. आता मनासारखं काही भाषांतर करावं, एवढीच हौस. साहित्याच्या भाषांतराचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, वर्गात अकरा मुलं आणि त्या. मुलं त्यांना काकू म्हणत आणि टिपणं मात्र त्यांचीच उतरवून घेत.

शेवटच्या सत्रात प्रत्येकाला एक काम होतं. बोलीभाषेतली एक तोंडी गोष्ट मिळवायची, मोबाइलवर रेकॉर्ड करायची, शब्दन् शब्द उतरवायची आणि इंग्रजीत न्यायची. छायाताईंना विचार करावाच लागला नाही. त्यांचे वडील पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर मास्तर होते. आई बाळंतपणातच गेलेली, त्यामुळे छायाताईंना वाढवलं ते शेजारच्या भागीबाईनं. नागलीच्या भाकरी थापता थापता ती गोष्टी सांगायची. त्यातली तहानलेल्या डोंगराची गोष्ट छायाताईंना अजून आठवत होती, पण अर्धीच. ती ऐन रंगात असताना वडिलांची बदली झाली, दाराशी बैलगाडी आली आणि नऊ वर्षांची छाया गोष्ट चुलीपाशी टाकून गाडीत बसली. पुढं तिकडं जाणं झालंच नाही.

भागीबाई अजून आहे असं कळलं, तशी जानेवारीत त्यांनी सीबीएस बसस्थानकावरून पेठची बस धरली.

म्हातारीचे डोळे पार गेले होते. तिनं छायाताईंच्या तोंडावरून हात फिरवला, सुरकुत्या चाचपल्या.

"छाये, मोठी झालीस गं," ती म्हणाली. "कशाला झालीस?"

गोष्ट सांगायला मात्र ती लगेच बसली. डोंगराला तहान लागते, तो पाणी शोधत खाली उतरायला लागतो, वाटेत त्याला एक पोरगी भेटते. ती म्हणते, बाबा, तू खाली आलास तर आमचा पाडा चिरडेल. तू इथंच बस, मी झऱ्यावरून पाणी आणते, मी येईपर्यंत हलू नको. पोरगी झऱ्याशी पोचली, वाकली, आणि भागीबाई म्हणाली, "आज इतकंच."

त्या भागात गोष्टीचा एक रिवाज आहे. दर वाक्याला ऐकणाऱ्यानं हूं म्हणायचं. हुंकार थांबला की सांगणाराही थांबतो. छायाताईंना हे ठाऊक होतं, पण सरांनी बजावलं होतं की रेकॉर्डिंगमध्ये आपला आवाज पडता कामा नये, नुसती मान हलवा. म्हणून त्या दर वाक्याला मान हलवत राहिल्या. परतीच्या बसमध्ये घाट चढताना त्यांच्या डोक्यात लख्ख आलं. आंधळ्या बाईपुढं आपण मान हलवत होतो. मग झऱ्यापर्यंत ती एकदाही थांबली कशी नाही?

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या वाचनालयात वर्गातल्या सृष्टीबरोबर त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. एक इअरफोन तिच्या कानात, एक यांच्या.

"काकू, तुमचा आवाज किती गोड आलाय! अगदी लहान मुलीसारखा."

दर वाक्यानंतर, न चुकता, हूं.

"मी तोंडही उघडलं नव्हतं गं."

"मग तिथं दुसरी कोण मुलगी बसली होती?"

"कोणीच नाही."

सृष्टीनं इअरफोन काढून टेबलावर ठेवला. "काकू, प्लीज असलं सांगू नका. मला पाच वाजेपर्यंत इथं एकटीला बसायचंय."

काम द्यायला आठच दिवस उरले होते आणि सरांनी साफ सांगितलं, "शेवट आणा, छायाताई. अर्ध्या गोष्टीला मी पास करू शकत नाही."

त्या पुन्हा पाड्यावर गेल्या. भरदुपार होती. भागीबाईचा मुलगा आणि सून द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरीकडे गेलेले, घरात ती एकटीच. छायाताईंनी मोबाइल सुरू करून मांडीवर ठेवला.

"भागीबाई, शेवट सांग."

"शेवट नाय सांगायचा."

"का?"

"ती जाईल ना."

"कोण ती?"

"अगं, तूच! तुझी गाडी गेली, दुसऱ्या दिशी मी भाकरी थापत होते. सवयीनं गोष्ट धरली, तर चुलीमागून हूं आलं. अर्ध्या गोष्टीतनं माणूस उठलं की पुरं जात नाय, थोडं तिथंच राहतं. मास्तरानं नाय शिकवलं तुला?" म्हातारी हसली. "तवापासून रोज सांगते. पोरगी पाण्यापाशी आली की थांबते. शेवट झाला की मग ती कशाला बसेल?"

छायाताईंना नवरा आठवला. तो गेला त्याला सहा वर्षं झाली. तो जन्मभर म्हणायचा, तुला सांगतोय की भिंतीला? मुलाची रडगाणी, नातींच्या गमती, सगळ्याला त्यांनी मानच हलवली होती.

"तू सांग," त्या हट्टानं म्हणाल्या. "आज हुंकार मी देते."

"डोंगराला तहान लागली," भागीबाईनं सुरुवात केली.

छायाताईंनी ओठ मिटून श्वास दाबला. घशात काही हललंच नाही. पुन्हा जोर केला, डोळ्यांत पाणी आलं, आवाज नाही. आणि चुलीमागं, धान्याच्या कणगीच्या अंगाला, जिथं सारवलेल्या जमिनीखेरीज काहीही दिसत नव्हतं, तिथून स्पष्ट आलं, "हूं."

भागीबाईनं त्या बाजूला तोंड फिरवलं, लेकराकडं पाहून हसावं तशी हसली.

"तुला पायजेच असंल तर सांगते शेवट," ती म्हणाली. "तुझीच हाय ती, घेऊन जा. माझे दिवस किती राहिलेत? पण तवर, बाय, दिवसभर घरात मला दुसरं कोण हाय?"

छायाताईंनी चुलीकडं पाहिलं. मग त्यांनी मोबाइल बंद केला.

"राहू दे तिला."

"आणि तुझी परीक्षा?"

"नापास होईन. या वयात छडी थोडीच बसणार आहे?"

म्हातारीनं त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले, मग सोडले. छायाताई बाहेर आल्या. ऊन पांढरंफटक होतं, अंगणात चिटपाखरू नव्हतं. त्या एक पाय चपलेत घालतायत, तोच आतून एका लहान मुलीचा, कुजबुजता पण अधीर आवाज आला.

"गेली का गं ती म्हातारी?"

"गेली," भागीबाई म्हणाली. "ये, बस."